भाड्याचं मशीन, घरचं जागरण

रात्रीचे अडीच वाजले असतील. बेंगळुरूला मल्लेश्वरममध्ये माझ्या थोरल्या बहिणीकडे गेलो होतो आणि हॉलमधल्या दिवाणावर गाढ झोपलो होतो. फोन वाजला. आमच्या पिढीला रात्रीचा फोन म्हटलं की छातीत धस्स होतं, गावाकडचं कुणीतरी गेलं असंच वाटतं. उठून बसलो, तर आतल्या खोलीतून भाच्याचा आवाज आला, "हौदु सर... ऐदु निमिष, सर." पाच मिनिटं मागत होता. त्याच्या दाराखालून निळसर उजेड दिसत होता. पाच मिनिटांची चाळीस झाली, मग दिवा विझला.

सकाळी ताईनं कॉफीचा पेला हातात दिला तेव्हा विचारलं, "रात्री कुणाचा फोन होता गं?"

"भाडेकरूंचा," पेपरमधून डोकं न काढता भाऊजी म्हणाले.

मी चकितच झालो. या दोन खोल्यांच्या घरात भाडेकरू कुठले? तेव्हा ताईनं सगळं सांगितलं. चिरंजीव नोकरी सांभाळून सर्व्हर भाड्यानं देण्याचा धंदा करतात. वर्ष झालं. आता त्याला स्वतःची दोन मशीनं विकत घ्यायची आहेत आणि त्यासाठी भाऊजींच्या निवृत्तीच्या पैशांतली सहा लाखांची ठेव मोडायची आहे. भाऊजी 'हो'ही म्हणत नव्हते अन् 'नाही'ही म्हणत नव्हते. ताई म्हणाली, "तू दर आठवड्याला लोकांच्या संसाराचे हिशेब मांडतोस ना? मग या घराचाही मांड."

म्हणून वाचकहो, या वेळी पोस्टाची योजना नाही आणि विम्याची पॉलिसीही नाही. या वेळी सर्व्हर.

आधी हे प्रकरण काय आहे ते समजून घेऊ. तुम्ही एखाद्या साडीच्या दुकानाची वेबसाईट उघडता तेव्हा ती कुठेतरी एका कॉम्प्युटरवर राहत असते. त्या कॉम्प्युटरला पडदा नसतो, बटणांचा पाट नसतो. तो लोखंडी कपाटात आडवा ठेवलेला असतो आणि रात्रंदिवस चालू असतो. हा सर्व्हर. एक अख्खा सर्व्हर एकाच ग्राहकाला महिन्याच्या भाड्यानं दिला की तो 'डेडिकेटेड सर्व्हर'. पण चिकपेटमधल्या साडीवाल्याला अख्खा सर्व्हर लागतो कशाला? त्याला एक कोपरा पुरतो. मग मधला माणूस अख्खं मशीन भाड्यानं घेतो, सॉफ्टवेअरच्या भिंती घालून त्याचे दहा-पंधरा भाग करतो आणि एकेक भाग दुसऱ्याला भाड्यानं देतो.

बेंगळुरूच्या माणसाला हे समजवायला वेळ लागत नाही. मारतहळ्ळी, बीटीएम लेआउट, कोरमंगला, कुठेही जा, दर चार घरांआड पी.जी.ची पाटी दिसते. पी.जी. म्हणजे पेइंग गेस्ट. एक माणूस मालकाकडून अख्खी इमारत भाड्यानं घेतो, खोल्यांत खाटा टाकतो आणि खाटांचं भाडं गोळा करतो. इमारत त्याची नसते. सगळ्या खाटा भरल्या तर त्याचं पोट चालतं, निम्म्या रिकाम्या राहिल्या तरी मालकाला भाडं द्यावंच लागतं. माझा भाचा हेच करत होता, फरक एवढाच की त्याच्या खाटा डोळ्यांना दिसत नव्हत्या.

आपल्याकडेही हे नवं नाही. मुंबईच्या गिरणगावात एकेका खोलीत दहा-पंधरा गिरणी कामगार राहायचे. दिवसपाळीचा उठला की त्याच पथारीवर रात्रपाळीचा आडवा व्हायचा. सर्व्हरच्या धंद्यातही ही युक्ती चालते, पण बेतानं. मशीनची मेमरी म्हणजे झोपायची जागा, ती एकाची दुसऱ्याला देता येत नाही. प्रोसेसर म्हणजे सामाईक मोरी. सगळे एकदम आंघोळीला येत नाहीत, म्हणून पंधरा जणांत एक मोरी भागते. मात्र सणाच्या सकाळी काय होतं ते चाळीत राहिलेल्यांना ठाऊक आहे. स्वस्तात जागा देणारे पुष्कळ लोक एका मोरीवर पन्नास माणसं ठेवतात, अन् मग 'साईट फार हळू उघडते' अशी तक्रार येते.

गिरणगावातला नफा पथारीच्या भाड्यात नव्हता. तो खानावळीत होता. चाकरमान्यांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या बायांनी संसार उभे केले. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायांसाठी, त्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. हे मी उगाच सांगत नाही, पुढे खानावळीकडेच यायचं आहे.

दुपारी भाच्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवला. पोरगा हुशार, पण हिशेब सगळा डोक्यात. आणि डोक्यातल्या हिशेबात येणं तेवढं लक्षात राहतं, देणं राहत नाही. मी म्हटलं, "कागदावर मांड." तुमच्या सोयीसाठी आकडे जरा गोल करून देतो. बाजारात भाव सारखे बदलतात, तेव्हा हा दरपत्रक नव्हे, हिशेबाची रीत समजा. जीएसटी यात धरलेला नाही.

अख्ख्या मशीनचं भाडं महिना ९,००० रुपये. मेमरी ६४ जीबी. चार-चार जीबीच्या १६ खोल्या निघतात, पण दोन मशीनच्या स्वतःच्या कारभारात जातात, उरल्या १४. प्रत्येक खोलीला इंटरनेटवर एक वेगळा पत्ता लागतो आणि त्याचं भाडं निराळं, १५० रुपयांप्रमाणे २,१००. सगळ्याची रोजची नक्कल दुसरीकडे ठेवायचे १,२००. कारभाराच्या सॉफ्टवेअरचे १,५००. एकूण खर्च १३,८००. खोलीचं भाडं १,२०० रुपये. चौदाच्या चौदा भरल्या तर १६,८०० येतात. ऑनलाईन पैसे गोळा करून देणाऱ्यांचे दोन टक्के म्हणजे ३३६ गेले. हातात राहिले २,६६४.

"भरल्या किती आहेत?" मी विचारलं.

"नऊ," तो म्हणाला आणि पेन्सिल चावायला लागला.

नऊ खोल्यांचे १०,८०० आणि खर्च १३,८००. दोन टक्के धरून महिना तीन हजारांवर तोटा. वर्षभर तो हे पगारातून भरत होता आणि धंदा चालला आहे असं समजत होता. बारावी खोली भरेपर्यंत या मशीनवर तो आपल्या भाडेकरूंना स्वतःच्या पगारातून पोसत होता. रागावू नका त्याच्यावर. किराणा दुकान काढणारे, शिकवण्या घेणारे, मसाले विकणारे कितीतरी जण मला भेटतात आणि त्यांच्यातल्या निम्म्यांनी हा कागद कधी मांडलेला नसतो.

शेजारीच मी दुसरा आकडा लिहिला. सहा लाखांच्या ठेवीवर सात टक्के व्याज धरलं तर वर्षाचे ४२,००० होतात, महिन्याचे ३,५००. भाऊजी झोपेत असतात तेव्हासुद्धा ते येतात. सगळ्या खोल्या भरल्या तरी मशीन जेवढं देत नाही, तेवढं ठेव घोरता घोरता देते.

"पण मामा, म्हणूनच तर स्वतःचं मशीन घ्यायचंय. भाडं वाचेल. पाच वर्षांनी मशीन आपलं."

घरभाड्यापेक्षा घराचा हप्ता बरा, हे आपण सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकलं आहे की तोच न्याय मशीनला लावावासा वाटतो. पण घराखाली जमीन असते. मशीनखाली काय असतं? आयकराच्या हिशेबात कॉम्प्युटरची किंमत दरवर्षी ४० टक्क्यांनी घटवतात, ते काही उगाच नाही. तीन लाखांचं मशीन पाच वर्षं चाललं असं धरा, महिन्याचे ५,००० झाले. ते घरच्या गॅलरीत ठेवता येत नाही. दोन-दोन वीजजोडण्या, जनरेटर, गारवा आणि दोन वाटांनी आलेलं इंटरनेट, हे सगळं जिथे असतं त्या डेटा सेंटरच्या कपाटात ते ठेवावं लागतं. त्या जागेचं, विजेचं आणि लाईनचं भाडं पाच-सहा हजार. शिवाय ठेवीचं बुडालेलं व्याज. म्हणजे महिना अकरा-बारा हजार झाले, भाड्याच्या मशीनपेक्षा जास्तच! मोठ्या कंपन्यांना स्वस्त पडतं, कारण त्या हजारांनी मशीनं घेतात. शिवाय भाड्याच्या मशीनची डिस्क गेली तर मालक बदलून देतो. स्वतःच्या मशीनची गेली तर आपण पिशवी घेऊन एस. पी. रोडला.

एस. पी. रोड म्हणजे बेंगळुरूचा सुट्या भागांचा बाजार, आपल्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा भाऊ. संध्याकाळी आम्ही दोघं तिथे गेलो. एका गाळ्याच्या दाराशी कुठल्याशा कंपनीनं मोडीत काढलेले सर्व्हर एकावर एक रचलेले होते, सुकत घातलेल्या पाटांसारखे. नवे असताना लाखांत गेले असतील. दुकानदारानं भाव सांगितला २२,०००, आणि आम्ही वळल्यावर मागून १८,००० ची हाक मारली. भाचा गप्प होता. परत येताना बसमध्ये म्हणाला, "आत दोन डिस्क पण होत्या मामा, त्यासकट अठरा." मी काही बोललो नाही.

मग या धंद्यात कुणी कमावलंच नाही का? कमावलं की. मुंबईच्या भाविन आणि दिव्यांक तुराखिया या भावांनी १९९८ साली वडिलांकडून २५,००० रुपये घेऊन डिरेक्टी कंपनी काढली. वेबसाईटचे पत्ते आणि जागा ते घाऊक भावात छोट्या विक्रेत्यांना द्यायचे. २०१४ साली त्यांचा हा व्यवसाय एका अमेरिकन कंपनीनं सुमारे ११ कोटी डॉलरला घेतला. नाशिकला पीयूष सोमाणी यांनी २००५ साली ईएसडीएस सुरू केली. मला त्यांची सुरुवात महत्त्वाची वाटते. आधी परदेशी होस्टिंग कंपन्यांच्या ग्राहकांना अडीअडचणीला मदत करण्याचं काम, आणि स्वतःचं डेटा सेंटर मागाहून. आधी खानावळ, मग इमारत.

पण तेव्हाचे दिवस निराळे होते. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं तेच मुळी १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाकडून. खाजगी कंपन्यांना परवानगी १९९८ साली. बेंगळुरूची गोष्ट त्याहून जुनी आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं १९८५ साली इथे कचेरी थाटली आणि उपग्रहाची स्वतःची जोडणी उभी केली. त्याचं सामान बैलगाडीतून आणलं होतं म्हणतात. तरीही सॉफ्टवेअरच्या या राजधानीला समुद्र नाही. परदेशातून येणाऱ्या केबल मुंबईला आणि चेन्नईला किनाऱ्यावर चढतात, म्हणून देशातली सर्वांत जास्त डेटा सेंटरं मुंबई-नवी मुंबईत. बेंगळुरूकडे हवा थंड आणि माणसं हुशार. पाण्याचं मात्र विचारू नका. २०२४ च्या उन्हाळ्यात ताई टँकरची वाट बघत बाल्कनीत उभी असायची.

छोट्या मधल्या माणसासाठी २०१६ हे साल अवघड ठरलं. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या डिजिटल ओशन कंपनीनं बेंगळुरूतच आपली मशीनं आणली. त्यांची सर्वांत छोटी खोली तेव्हा महिना पाच डॉलर, तीही तासाच्या हिशेबानं. नको असेल तर संध्याकाळी सोडून द्या. त्याच वर्षी ॲमेझॉननं मुंबईत दुकान मांडलं. या मंडळींशी भावात टक्कर द्यायची म्हणजे चितळ्यांच्या शेजारी बाकरवडीचा गाळा काढून त्यांच्यापेक्षा दोन रुपये कमी लावायचे.

बरं, कच्चा माल आपल्या हातात नाही. कारभारासाठी सीपॅनेल नावाचं सॉफ्टवेअर जगभर वापरतात. २०१९ पर्यंत त्याची फी मशीनमागे ठरलेली होती, आत खाती कितीही ठेवा. त्या वर्षी कंपनीनं खात्यांच्या संख्येवर फी लावली आणि ज्यांनी शेकडो छोटे ग्राहक एका मशीनवर ठेवून गणित जमवलं होतं, त्यांचं गणित त्या हंगामात बिघडलं. इंटरनेटच्या पत्त्यांचंही तसंच. जुन्या पद्धतीचे पत्ते आशिया विभागात २०११ साली जवळजवळ संपले, त्यामुळे जे आहेत त्यांना आता भाव आला आहे. ॲमेझॉनसारखी कंपनीसुद्धा १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पत्त्याचे पैसे घेते.

"जर्मनीत मशीनं निम्म्या भावात मिळतात," भाचा म्हणाला. खरं आहे. तिथल्या हेट्झ्नर कंपनीची जुनी मशीनं कमी भाड्यात मिळतात आणि आपल्याकडची पुष्कळ मुलं तिकडूनच घेतात. पण ग्राहकाचा निरोप जर्मनीला जाऊन यायला सेकंदाचा सातवा-आठवा भाग लागतो. साडीवाल्याला ते जाणवत नाही, शेअरवाल्याला जाणवतं. भाडं परकीय चलनात आणि ग्राहकाकडून घ्यायचे रुपये. २०१४ साली डॉलर साठ-एकसष्ट रुपयांना होता, २०२४ च्या अखेरीस तो पंच्याऐंशीच्या पुढे गेला. आणि धंद्यासाठी परदेशातून सेवा घेतली की तिच्यावरचा जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो, मग २० लाखांच्या उलाढालीपर्यंतची नोंदणीची सूट लागू होत नाही. भाच्याला हे ठाऊकच नव्हतं. ज्यांच्या घरात अशी मुलं आहेत त्यांनी एवढं तरी सी.ए.ला विचारून घ्यावं.

पैशांचं इतकं लांबलं, कारण ते मला कळतं. पण ताईच्या पोटात खरा गोळा आला तो निराळ्याच गोष्टीनं.

आदल्या श्रावणात घडलेली गोष्ट. नऊ भाडेकरूंपैकी एकानं आपल्या खोलीतून लाखो फसव्या ई-मेल सोडल्या. त्यानं सोडल्या की त्याच्या खोलीत कुणी चोर शिरला होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मूळ मालक कंपनीनं भाच्याला पत्र पाठवलं, चोवीस तासांत बंदोबस्त करा. पत्र आलं तेव्हा हा नोकरीवर. रात्री बघितलं तोवर अख्खं मशीन बंद! नऊच्या नऊ साईट काळोखात. दुसऱ्या दिवशी वरमहालक्ष्मीचं व्रत. बेंगळुरूत त्या सणाला साड्यांचा केवढा खप असतो ते इथे राहिलेल्या बायकांना विचारा. चिकपेटचा साडीवाला घरी आला. ओरडला नाही, रागावला नाही. ताईच्या हातची कॉफी घेतली आणि कानडीत एवढंच म्हणाला, "अम्मा, माझा सण गेला." त्या दिवसापासून ताई म्हणते, पोरानं हा धंदा सोडावा.

भाडेकरूचा गुन्हा मालकाच्या दाराशी येतो, हे इथंही खरं आहे. २००४ च्या डिसेंबरात बाझी डॉट कॉम या खरेदी-विक्रीच्या साईटवर कुणीतरी अश्लील चित्रफीत विकायला ठेवली आणि कंपनीच्या प्रमुखाला दिल्लीत अटक झाली. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्यात बदल झाला. नुसती जागा पुरवणाऱ्याला आता संरक्षण आहे, पण त्यानं योग्य ती काळजी घेतली असेल आणि हुकूम आल्यावर हालचाल केली असेल तरच. २८ एप्रिल २०२२ ला केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेनं आणखी नियम काढले. डेटा सेंटरवाले आणि सर्व्हरचे असे भाग भाड्यानं देणारे, या सर्वांनी ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, फोन, जागा कशासाठी घेतली, हे सगळं त्यानं जागा सोडल्यावरही पाच वर्षं जपून ठेवायचं. घुसखोरी झाली तर सहा तासांत कळवायचं. घरमालक पोलिसांत भाडेकरूचा फॉर्म भरतो ना, तसंच. भाच्याकडे नऊपैकी चौघांचा फक्त ई-मेलचा पत्ता होता.

आणि आग? १० मार्च २०२१ च्या रात्री फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या मोठ्या कंपनीची एक अख्खी इमारत जळाली. लाखो वेबसाईट बंद पडल्या. काही ग्राहकांनी नक्कल ठेवण्याचे जादा पैसे भरले होते. पण नक्कलही त्याच इमारतीत ठेवलेली होती. मी भाच्याला विचारलं, "तुझी नक्कल कुठे असते?" तो म्हणाला, "त्याच डेटा सेंटरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर." भाऊजींनी तेव्हा पहिल्यांदा पेपर खाली ठेवला.

भाऊजी विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली बेंगळुरूत काढलेला हा कारखाना. त्यांच्या मोठ्या भावाला तिथे नोकरी लागली म्हणून हे कुटुंब इकडे आलं. उभा जन्म तपासणी खात्यात गेला. ते म्हणाले, "आमच्याकडे विमान किती किमतीचं आहे हे कुणी विचारत नसे. शेवटची तपासणी कुणी केली, तेवढंच विचारत." मग भाच्याकडे वळून म्हणाले, "तुझे लोक तुला रात्री अडीचला फोन करतात. त्या अमेरिकन कंपनीला का नाही करत?"

"त्यांचा फोन लागतच नाही, बाबा. आणि लागला तरी कानडीत कोण बोलणार?"

"मग त्या फोनचे पैसे किती घेतोस?"

काहीच घेत नव्हता! तीच तर त्याची खानावळ होती, अन् ती तो फुकट चालवत होता. जागेचं भाडं कुणीही देईल, कोण कमीत देतो एवढाच प्रश्न. पण साडीवाल्याला जागा नको आहे. त्याला सणाच्या आदल्या रात्री साईट बंद पडली तर उठणारा माणूस हवा आहे. तो माणूस पाच डॉलरमध्ये मिळत नाही.

दोन दिवस आम्ही तिघं बसलो. ठेव मोडायची नाही, हे पहिलं ठरलं. मशीन भाड्याचंच. नक्कल ठेवण्याची जागा चेन्नईला हलवायची, पैसे साधारण तेवढेच पडत होते. प्रत्येक ग्राहकाकडून ओळखीचा कागद घ्यायचा. आणि खोलीच्या १,२०० शिवाय देखभालीचे १,५०० वेगळे. त्यात आठवड्याला तपासणी, रोज नक्कल आणि रात्री-अपरात्री फोन केला तर अर्ध्या तासात उत्तर. कराराची भाषा मी सुधारली. भाच्यानं आधी '९९.९ टक्के वेळ साईट चालू राहील' असं लिहिलं होतं. मी हिशेब करायला लावला, तर उरलेला दशांश टक्का महिन्याला ४३ मिनिटं निघाला. म्हटलं, "ग्राहकाला मिनिटं सांग, टक्के नको."

पत्रं गेली आणि नऊपैकी तिघे सोडून गेले. त्यांतला एक ओळखीचा कागद मागितल्याबरोबर गेला. ताई म्हणाली, बरं झालं. उरलेले सहा जण महिना २,७०० द्यायला तयार झाले, म्हणजे १६,२००. खर्च आणि दोन टक्के वजा जाता २,०७६ रुपये हातात. नऊ भाडेकरू असताना तोटा होता, सहा असताना नफा झाला. पुढच्या चार महिन्यांत आणखी दोन आले, दोन्ही साडीवाल्यानं पाठवलेले. आठांचा हिशेब महिना ७,३६८ वर येतो. श्रीमंती नाही. ठेवीच्या व्याजाच्या दुप्पट मात्र झाली, तीही ठेवीला हात न लावता. आठाचे तीस होईपर्यंत नोकरी सोडायची नाही, असं भाच्यानं आईला सांगितलं आहे. तीस झाल्यावर रात्रीचा माणूस पगारी ठेवावा लागेल आणि गणित पुन्हा नव्यानं मांडावं लागेल, हेही त्याला मी लिहून दिलं आहे.

तूर्त रात्रीच्या माणसाचा प्रश्न अनपेक्षितपणे सुटला. भाऊजींना तसंही पहाटे तीननंतर झोप नसते, पाळ्यांच्या नोकरीची सवय. भाच्यानं त्यांच्या खोलीत एक जुना लॅपटॉप लावून दिला. त्यावर आठ चौकोन दिसतात. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बंद. लाल झाला की भाऊजी वहीत वेळ टिपतात, ग्राहकाच्या फोनआधी स्वतः फोन करून सांगतात, आणि मगच पोराला उठवतात. वहीला त्यांनी कव्हर घातलं आहे.

परवा ताईची चौकशी करायला फोन केला तर तो भाऊजींनीच उचलला. "बोल," म्हणाले, आणि मी तोंड उघडायच्या आत, "थांब, थांब. चिकपेट लाल झालंय." फोन ठेवून दिला.